एक संगणक, सात माणसे

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी संगणक एकच असेल. सकाळी अब्बा त्यावर बिले बनवतात, दुपारी आपा कॉलेजचा अर्ज भरते, संध्याकाळी तुम्ही प्रकल्प लिहिता आणि रात्री धाकटे भाऊ खेळ खेळतात. एकाच पडद्यावर सगळ्यांचे सगळे पडलेले असते. दुसऱ्याचे दप्तर न विचारता उघडू नये, हे तुम्हांला पहिलीपासून ठाऊक आहे. मग संगणकातील दुसऱ्याचे फोल्डर उघडताना आपला हात का थांबत नाही?

उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कागदपत्रांचा गठ्ठा आणि पुस्तकांची पिशवीसुद्धा. वर्गात मी फोल्डरला दप्तरच म्हणते. त्यामुळे मुलांना ते लवकर समजते.

माझा हात कसा थांबला नाही, ते आधी सांगते. 2012 साली माझे बी.एड. चालू होते. आम्ही भिवंडीला राहत होतो. घरात सात माणसे आणि बैठकीच्या खोलीत एक संगणक. त्यावर खाते एकच होते आणि त्याला पासवर्ड नव्हता. एका रात्री मी माझे पाठ टाचण शोधत होते. शोधता शोधता ‘विज्ञान नोंदी’ नावाचे एक फोल्डर उघडले. आत विज्ञान नव्हते. दहावीत शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने इनपेजमध्ये उर्दूत लिहिलेल्या कथा होत्या. मला कौतुक वाटले, गंमतही वाटली. एक कथा मी कागदावर छापली आणि जेवणाच्या वेळी दस्तरखानावर सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली.

कथेतील माणसाचे यंत्रमाग भंगारात विकले जातात. तो घरी काही सांगत नाही. महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. अर्धी कथा वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की अब्बांनी हातातला घास खाली ठेवला आहे. आमचे मागही त्याच वर्षी विकले गेले होते. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि ते बाहेर निघून गेले. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. त्याच रात्री त्याने ते फोल्डर पुसून टाकले. त्यानंतर त्या संगणकावर त्याने शाळेच्या अभ्यासाखेरीज एक ओळही लिहिली नाही.

घरातील काही मोठी माणसे म्हणाली, “वाईट काही नव्हते, तर लपवायचे कशाला?” हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. मला तो चुकीचा वाटतो. आपण कपडे बदलताना दार लावतो, ते काही गुन्हा करण्यासाठी नाही. पत्र पाकिटात घालतो, ते चोरीचे असते म्हणून नाही. खासगी आणि चोरटे यांत फार अंतर आहे. ‘खासगी’ हा मराठी शब्द तुमच्या ओळखीच्या ‘खास’ या शब्दातूनच आला आहे. कोणाच्या घरी गेल्यावर आधी सलाम करावा, इजाजत मिळेपर्यंत दारात थांबावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. दार उघडे असले तरी थांबावे लागते. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क न्यायालयातल्या कागदावर आहे. पण घराच्या आतली रीत आपल्यालाच घालावी लागते.

माझा दोष मी लपवत नाही. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भावाने कथा जपण्यासाठी जो उपाय केला होता, तो उपायच नव्हता. फोल्डरला खोटे नाव देणे म्हणजे पेटीवर ‘रिकामी’ अशी चिठ्ठी लावण्यासारखे आहे. काही मुले फोल्डर ‘हिडन’ करतात. त्याने ते डोळ्यांआड होते, त्याला कुलूप लागत नाही. पडद्यावरची एक खूण बदलली की ते पुन्हा दिसू लागते.

खरे कुलूप लागते ते वेगळ्या खात्यामुळे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट्स’ या भागातून घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते बनवता येते. खाते बनले आणि त्या व्यक्तीने त्यातून पहिल्यांदा प्रवेश केला, की सी ड्राइव्हमधील ‘यूझर्स’ या जागी तिच्या नावाचे फोल्डर तयार होते. तिचा डेस्कटॉप, कागदपत्रे, चित्रे त्यात राहतात. हे फोल्डर कोण उघडू शकेल याची यादी संगणक स्वतःजवळ ठेवतो. यादीत नाव नसलेल्या साध्या खात्यातून कोणी ते उघडू लागला, तर परवानगी नाही असे उत्तर मिळते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही प्रत्येक खात्याचे वेगळे राहतात. जुन्या विंडोज 95 मध्येही नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येत असे. पण ‘कॅन्सल’ दाबले की माणूस सरळ आत जाई! आता तसे नाही. मात्र जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ ही अक्षराची कळ एकत्र दाबून पडदा बंद केला पाहिजे. दार उघडे टाकून गेलात, तर कुलपाचा उपयोग काय?

येथे आपल्याकडची एक सवय आड येते. “सी ड्राइव्हमध्ये काही ठेवू नकोस, सगळे डी ड्राइव्हमध्ये ठेव,” असे संगणक जोडून देणारा कारागीर सांगून जातो. विंडोज पुन्हा घालावे लागले तर डी ड्राइव्हमधील वस्तू वाचतात, म्हणून तो तसे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण डी ड्राइव्ह म्हणजे घराचे अंगण. तिथे मुद्दाम बंदोबस्त केला नसेल, तर घरातील कोणत्याही खात्यातून तुमचे लिखाण वाचता येते, बदलता येते आणि पुसताही येते. अंगणात सर्वांच्या कामाच्या वस्तू ठेवाव्यात, उदाहरणार्थ लग्नाचे फोटो किंवा विजेची बिले. पेनड्राइव्हचेही तेच. त्यावर सहसा परवानगीची यादी नसते. ज्याच्या हातात तो, त्याचे सगळे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. प्रत्येक संगणकात एक तरी खाते असे असते, की ज्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. त्या खात्याचा मालक नवी खाती बनवू शकतो, काढून टाकू शकतो आणि ठरवले तर इतरांची फोल्डरेही उघडू शकतो. म्हणजे सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला असतो. आणि आपल्या घरांत हा मालक कोण असतो? अब्बा नसतात. अम्मी तर नसतेच. बहुतेक वेळा आठवी-नववीतला मुलगा असतो, कारण “त्याला कॉम्प्युटर येतो.” तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे वाचताना मनात मान डोलावली असेल. अब्बांच्या बँकेचे कागद, आपाची पत्रे, अम्मीच्या औषधांच्या चिठ्ठ्या तुम्ही हवे तेव्हा पाहू शकता आणि कोणाला कळणारही नाही. त्यांनी तुम्हांला हे पाहण्याची परवानगी दिलेली नाही. त्यांनी फक्त संगणक नीट चालू ठेवायला सांगितले आहे. मराठीतला ‘अनामत’ हा शब्द आपल्या ‘अमानत’चाच भाऊ आहे. ही किल्ली अनामत आहे.

मोह जुनाच आहे. 1961 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेक माणसांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था करून दाखवली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात, म्हणून त्या व्यवस्थेत पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी तेथील अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली! त्याला संगणकावर नेमून दिलेला वेळ अपुरा पडत होता. म्हणजे कुलूप आणि कुलपाची वाट चुकवणारा, दोघे एका वर्षाच्या अंतराने जन्मले.

पालक म्हणतील, “मग मुलांनी आत काय चालवले आहे ते आम्ही पाहायचेच नाही का?” त्यांची काळजी खोटी नाही. अनोळखी माणसे संगणकातून घरात येतात, मुलांना फसवतात, धमकावतात. लहान मुलांच्या खात्यावर वेळेचे आणि संकेतस्थळांचे बंधन घालता येते, ते घालावे. पण ते मुलांना सांगून घालावे. गुपचूप वाचणे वेगळे. गुपचूप वाचलेले कधी ना कधी तोंडातून निसटते आणि मग मूल पुढच्या वेळी खऱ्या संकटातही काही सांगत नाही. आणि मित्रांनो, तुम्हांला कोणी धमकावत असेल, तर ती गोष्ट खासगी फोल्डरात कोंडून ठेवू नका. ती अम्मी-अब्बांना किंवा शिक्षकांना त्याच दिवशी सांगा.

आमच्या घरी आता पाच खाती आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. प्रत्येकाने आपला पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून अम्मीच्या कपाटात ठेवावा, असा नियम मी केला. कोणी पासवर्ड विसरला किंवा कोणावर प्रसंग आला, तर पाकीट फोडायचे. संगणकात कोणी डोकावले तर ते सहज कळत नाही. फाटलेले पाकीट मात्र सर्वांना दिसते.

गेल्या वर्षी थोरल्या भावाच्या मुलीसाठी मी खाते बनवले. ती सातवीत आहे. तिने मला विचारले, “फुप्पी, तुम्हांला माझे फोल्डर उघडता येईल का?” मी म्हटले, “हो, येईल.” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “उघडायचे झाले तर आधी मला सांगाल?” मी कबूल केले. तिने कागदावर पासवर्ड लिहिला, मी पाहू नये म्हणून दुसऱ्या हाताने तो झाकला, आणि पाकिटाला दोन्ही बाजूंनी गोंद लावला.