स्निग्धांश किती, आणि कोणता?

२०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात कॅनडातील ग्राहकांनी एक चमत्कारिक तक्रार केली. एरवी फडताळात ठेवले की पावावर सहज पसरणारे लोणी आता बाहेर ठेवूनही घट्टच राहते, अशी ती तक्रार होती. वृत्तपत्रांतून तिचा पुष्कळ गाजावाजा झाला आणि संशय गेला तो गाईंच्या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या पामजन्य स्निग्ध पदार्थांवर. लोणी घट्ट होण्याचे कारण एवढेच होते, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नव्हते. तथापि दूध उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच महिन्यात आपल्या सभासदांना ह्या पदार्थांना पर्याय शोधण्याचे आवाहन केले. उत्पादक त्यांच्याकडे वळले होते ते का, हे समजण्यासारखे आहे. २०२० साली महासाथीमुळे माणसे घरी बसली, घरोघरी भाजणे-तळणे वाढले आणि लोण्याची मागणीही वाढली. कॅनडात शेतकऱ्याचा कोटा लोण्याच्या स्निग्धांशाच्या किलोंवर ठरतो. जो किलो मोजतो, त्याला किलोच मिळतात.

ही घटना हास्यास्पद वाटली तरी तिच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नेमका उलट हेतूने सुरू झालेला आहे. गाय सरकी, जवस किंवा हिरवा चारा खाते तेव्हा तिच्या पोटात जाणारे तेल बहुतांशी असंपृक्त असते, म्हणजे पातळ राहणारे आणि हृदयाच्या दृष्टीने हितकर. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदत असतात. ते ह्या तेलाला हायड्रोजनची जोड देऊन त्याचे संपृक्त, थिजणाऱ्या स्निग्धात रूपांतर करतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात जे घडते, तेच येथे निसर्गतः घडते. म्हणून गाईने काहीही खाल्ले तरी दुधातील स्निग्धांशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग संपृक्तच राहतो, आणि लिनोलिक आम्लासारखे हितकर घटक शेकडा दोन-तीनांपलीकडे क्वचितच जातात.

१९७० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ह्या शासकीय संशोधनसंस्थेत ट्रेव्हर स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या जीवांना चकवण्याची युक्ती शोधली. तेलाचे सूक्ष्म थेंब दुधातल्याच केसीन ह्या प्रथिनात गुंडाळायचे आणि त्या आवरणावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करायची. कोठीपोटातील सौम्य वातावरणात हे आवरण टिकते. पुढे खऱ्या पोटातील तीव्र आम्लात ते सुटते आणि तेल जसेच्या तसे आतड्यात पोहोचते. अशा ‘संरक्षित’ तेलावर पोसलेल्या गाईंच्या दुधात लिनोलिक आम्लाचे प्रमाण शेकडा वीस किंवा त्याहूनही अधिक झाले. असे दूध व मांस खाणाऱ्या माणसांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते, हे पॉल नेस्टेल आणि इतर संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले. हृदयविकाराने माणसे पटापट जात असलेल्या त्या काळात गाईच्या पोटातूनच औषध निघाल्यासारखे ते वाटले असेल.

तरीही हे दूध बाजारात रुजले नाही. असंपृक्त स्निग्धांश हवेशी संयोग पावून लवकर खवट होतो, आणि त्यासाठी ‘ई’ जीवनसत्त्वाची जोड द्यावी लागे. लोणी फारच मऊ होई. (आपल्याकडील रवाळ तुपाच्या हौशीचे ह्या दुधाने कितपत समाधान झाले असते, हाही प्रश्नच आहे.) फॉर्माल्डिहाइडच्या नावानेही लोक बिचकतात, आणि ते अगदीच निराधार नाही. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधनसंस्थेने त्याची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली, आणि युरोपीय संघाने २०१८ साली पशुखाद्यातील पूरक द्रव्य म्हणून त्याला परवानगी नाकारली. पण ह्या सर्व अडचणींवर मात झाली असती, तरी एक उरलीच असती. असे दूध काढणाऱ्याला जादा पैसे कोणी द्यायचे?

ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि ‘संरक्षित स्निग्ध’ हे नाव मात्र दुसऱ्याच वस्तूला चिकटले. १९८० नंतर अमेरिकेतील ओहायो येथे डोनाल्ड पामक्विस्ट व थॉमस जेंकिन्स ह्यांच्या संशोधनातून मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार पुढे आले. तेही कोठीपोटात विरघळत नाहीत, पुढील आम्लात विरघळतात. प्रक्रिया स्वस्त आणि कच्चा माल मुबलक, कारण पाम तेल शुद्ध करताना उरणारी मेदाम्ले हाच तो माल. त्यांत जवळजवळ निम्मे पामिटिक आम्ल असते. हल्लीच्या काही पूरकांत तर ते शेकडा ऐंशींच्या वर असते. हे आम्ल दुधात उतरते, आणि रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या मेदाम्लांत त्याची गणना होते. म्हणजे दूध अधिक आरोग्यदायी करण्यासाठी निघालेली कल्पना दूध अधिक भरीव करण्याच्या धंद्यात विसावली.

महाराष्ट्रातील गोठ्यांत ‘बायपास फॅट’ म्हणून मिळणारी पोती बहुधा ह्या दुसऱ्या जातीची असतात. ती घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. व्यालेली संकरित गाय पहिले दोन-तीन महिने जेवढी ऊर्जा खाते, त्याहून अधिक दुधात देते. ती झडते, वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहत नाही. दिवसाला शंभर ते दोनशे ग्रॅम ‘बायपास फॅट’ने तिची ही ओढाताण कमी होते, हा अनुभवाचा भाग आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनेही स्वदेशी ‘बायपास फॅट’ तयार करण्याच्या पद्धतीवर काम केले. शिवाय भिजवलेली सरकी गाईला चारण्याची जुनी पद्धत ही अर्धवट संरक्षणाचीच युक्ती आहे. कारण सरकीच्या टरफलातून तेल सावकाश सुटते.

दोष असेल तर तो मोजपट्टीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली गर्बर पद्धत अशी की दुधात गंधकाम्ल घालायचे, नळी यंत्रात फिरवायची आणि वर आलेल्या स्निग्धांशाची उंची वाचायची. आज गावोगावच्या संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली; पण तीही शेतकऱ्याला सांगतात ती फॅट आणि एसएनएफ ह्यांचे आकडेच. २०२४ साली राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान दिले, तेव्हाही दर बांधले गेले ते ह्याच दोन आकड्यांशी. स्निग्धांश कोणत्या जातीचा, हे ह्या साऱ्या व्यवस्थेत कोणी विचारीतच नाही. अशा स्थितीत जवसाचे तेल चारणारा शेतकरी आणि पामचा क्षार चारणारा शेतकरी एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्यांतला पहिला बहुधा तोट्यात जातो.

हे बदलणे अशक्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये २००० साली स्थापन झालेल्या ‘ब्ल्यू-ब्लां-कर’ ह्या संस्थेने जवस चारलेल्या गाईंच्या दुधाची पारख त्यातील मेदाम्लांवरून करण्याचा पायंडा पाडला. अवरक्त किरणांच्या ज्या तंत्राने प्रयोगशाळांतून दुधाचे नेहमीचे घटक तपासले जातात, त्याच तंत्राने संपृक्त आणि असंपृक्त मेदाम्लांच्या प्रमाणाचाही अंदाज घेता येतो. प्रत्येक गावात असे यंत्र बसवणे परवडणार नाही हे उघड आहे. परंतु मोठ्या सहकारी संघांच्या मुख्य प्रयोगशाळेत ते कठीण नसावे, आणि तेथून निदान टँकरवार नमुने तपासता येतील.

त्याहून सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट पोत्यावर छापण्याची आहे. ‘बायपास फॅट’च्या पोत्यावर स्निग्धाचे एकूण प्रमाण बहुधा ठळक अक्षरांत असते. त्यात पामिटिक किती, ओलेइक किती आणि लिनोलिक किती, हे तेथेच छापण्याची सक्ती झाली, तर निवड करायची की नाही हे निदान गोठ्यातल्या माणसाच्या हाती येईल. दूधसंघांच्या सर्वसाधारण सभांत दर वर्षी दरावरून भांडणे होतातच. ह्या खेपेस त्यांत हाही एक ठराव मांडला जावा.