चाचणीतून सूट कोणालाच नको

जिल्हा निवड चाचणी जवळ आली की बारामती-इंदापूरच्या तालमींतून एक मागणी हमखास येते. गेल्या वर्षी जिल्ह्याकडून लढलेल्या, नाव कमावलेल्या मल्लाला पुन्हा चाचणी कशाला? त्याला थेट संघात घ्या. पोराला लहानपणापासून घडवणाऱ्या वस्तादांची ही माया आम्ही जाणतो. तरीही ही मागणी मान्य होता कामा नये, असे आमचे ठाम मत आहे.

मार्च २०२४ मध्ये सोनिपतच्या चाचणीत ५७ किलो गटात टोकिओचा रौप्यपदक विजेता रवी दहिया आणि वीस वर्षांचा अमन सेहरावत भिडले. रवी गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून आला होता. अमनने बाजी मारली, पुढे इस्तंबूलला ऑलिंपिकची जागा मिळवली आणि पॅरिसला कांस्यपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत भारताला मिळालेले ते एकमेव पदक. त्याआधी २०२३ च्या आशियाई स्पर्धेसाठी मात्र बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांना चाचणीतून सूट मिळाली. दोघे कित्येक महिने आंदोलनात होते आणि त्यांच्या लढ्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण अंतिम पंघाल आणि सुजीत कलकल या तरुण मल्लांना दाद मागायला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि तिथेही याचिका फेटाळली गेली. पुढे विनेशने दुखापतीमुळे माघार घेतली. चाचणी जिंकलेली अंतिम तिच्या जागी हांगझोऊला गेली आणि कांस्य घेऊन आली. बजरंग मात्र कांस्यपदकाची लढत हरला.

चाचणीचे मोल महाराष्ट्राने तर फार पूर्वी पाहिले आहे. १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने मागे टाकले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, मद्रासला पुढे ठरलेल्या निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी त्याला चीत केले. ती कुस्ती लागली नसती, तर हेलसिंकी ऑलिंपिकचे पदक आपल्याकडे आले नसते.

यात्रेच्या फडाची गोष्ट वेगळी. तिथे कमिटी नाव बघून जोड लावते आणि ते योग्यच आहे. हलगी कडाडते, लोक लांबून येतात, कुस्ती निकाली होईपर्यंत चालते. तिथे मुरलेला मल्ल वाट बघत खेळू शकतो. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. चैत्रभर यात्रा मारून आलेला मल्ल दुसऱ्या फेरीत नीट पाहा. हात मानेपर्यंत चढत नाही, पट काढायला जातो आणि गुडघ्यावरच थांबतो, पंच निष्क्रियतेचा इशारा देतात आणि तीस सेकंदांत गुण घेण्याइतका दम उरलेला नसतो. त्याला डाव सगळे ठाऊक असतात. त्या दिवशी अंग साथ देत नाही. निवड समितीने पाहायचे ते हे अंग.

एका सकाळच्या एका कुस्तीत सगळे कळते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. वजन उतरवताना आजारी पडलेला चांगला मल्लही हरतो. म्हणून चाचणी नीट घ्या. तारीख आणि वजनगट महिनाभर आधी जाहीर करा. अमेरिकेच्या ऑलिंपिक चाचणीप्रमाणे अंतिम लढत तीनपैकी दोन कुस्त्यांची ठेवा. जखमी मल्लाला डॉक्टरांचा दाखला पाहून नंतरची तारीख द्या. आणि ज्या वस्तादाचा पठ्ठा त्या गटात उतरला आहे, त्याने त्या दिवशी निवडीच्या टेबलावर बसू नये. गावपातळीवर हे बोलणे अवघड जाते, पण तालुक्यातले निम्मे वाद इथेच सुरू होतात.

अनुभवाची किंमत आम्ही कमी लेखत नाही. चाचणी हरलेला जुना मल्ल संघासोबत सरावाला न्या, कोपऱ्यात बसवा, नव्या पोराला प्रतिस्पर्ध्याची खोड सांगू द्या. जागा मात्र जिंकणाऱ्याचीच.

बारामती आणि इंदापूरच्या वस्तादांना आमची विनंती आहे: यंदा सवलतीचे पत्र घेऊन जिल्हा संघाकडे जाऊ नका. तुमच्या तालमीतला सर्वांत नावाजलेला पैलवान सर्वांत आधी वजनकाट्यावर उभा करा.