विश्लेषण : पेंचचे जंगल राखायचे, पण कोणाच्या खर्चाने?

नागपूर शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा पेंच नदीचा आहे. रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतल्या जंगलांतून, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या दोन धरणांतून ते शहरात पोचते. धरणाखाली पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता आणि गोदावरीमार्गे हे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. त्यामुळे वरचे जंगल राखण्यात केवळ वाघाचा नव्हे, नागपूरच्या नळाचा आणि थेट समुद्राचाही हिशेब आहे. मात्र त्याची किंमत पहिल्यांदा कोण मोजतो, हे तोतलाडोहला दिसले.

तोतलाडोहचा वाद काय होता?

महाराष्ट्राने पेंचला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित केले, 1999 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. दरम्यान जलविद्युत प्रकल्पासाठी धरण झाले. बांधकामासाठी आलेले अनेक मजूर काम संपल्यावरही तिथेच राहिले आणि जलाशयातल्या मासळीवर जगू लागले. राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला परवानगी नाही. 2002 मध्ये ही वस्ती हटवली गेली. वस्ती गेली तरी मासेमारी थांबली नाही. रात्री चोरून जाळी पडत राहिली आणि गस्तीवरच्या वनकर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले.

त्याआधी, 1997 मध्ये, याच जलाशयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. उद्यानातून बाहेर पडलेल्या आदिवासींना मध्य प्रदेशाने मासेमारीचे 305 परवाने दिले होते. न्यायालयाने ते सरसकट रद्द केले नाहीत. छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेला मार्ग, काठावर चूल पेटवायची नाही, अशा अटी घातल्या. जंगल जपलेच पाहिजे, पण तिथून उठवलेल्या माणसाच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. तो आजही लागू पडतो. पर्याय न देता घातलेली बंदी कागदावर कडक असते आणि पाण्यात ढिली.

महामार्गाचे काय झाले?

इथे पैसा मोजला गेला. मनसरहून मध्य प्रदेशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलपट्ट्यातून जातो. चौपदरीकरणाचा वाद न्यायालयात गेला, वन्यजीवतज्ज्ञांनी आग्रह धरला आणि महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट ठेवावी लागली. त्यातली सर्वांत लांब वाट 750 मीटरची आहे. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत 18 प्रजाती या वाटा वापरताना टिपल्या गेल्या, त्यात वाघही होता. प्राणी असल्या वाटा वापरत नाहीत, हा आक्षेप तिथेच निकाली निघाला. हा खर्च रस्त्याच्या खर्चातच धरायला हवा होता. तो वादानंतर का धरला जातो, हे कोडे आहे.

‘डार्क स्काय पार्क’ म्हणजे काय?

जानेवारी 2024 मध्ये पेंच हे देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरले. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड खाली जमिनीकडे वळवला गेला. वाघोलीला दुर्बिणीही आहेत. गावे अंधारात ढकलली, असे मात्र नाही. उजेड पायाखाली राहिला, फक्त आभाळातला कमी झाला. निशाचर प्राण्यांना याचा फायदा आहेच. रात्री थांबणारा पर्यटक गावात जेवला, गावात झोपला, तर गावालाही होईल. तो पैसा कुंपणाआडच्या रिसॉर्टांतच राहिला, तर चार गावांनी दिवे बदलले कोणासाठी, असा प्रश्न उद्या ग्रामसभेत विचारला जाईल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासने याचे उत्तर आधीच दिले आहे. तिथे एके काळी कासवांची अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावाला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून किनाऱ्यावरचा दिवाही तिथे जपूनच लावायचा असतो.

मोहफुलांचा प्रश्न कुठे अडतो?

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला बायामाणसे जंगलाकडे निघतात. हीच वेळ वाघाच्या फिरण्याची. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तीच आग वाऱ्याने पसरते. दरवर्षी आगीविरुद्ध फलक लागतात. पण पाला पेटवण्यामागे हौस नसते, घाई असते. झाडाखाली जाळी बांधली, तर फुले तिच्यावरच पडतात. पाला जाळावा लागत नाही आणि उजाडल्यावर जाऊनही वेचणी होते. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि जंगल पर्यटनाच्या कमाईपुढे जाळीचा खर्च किरकोळ आहे. फक्त ती मोह गळायला लागण्याआधी, फेब्रुवारीतच गावात पोचायला हवी.