अठरा वर्षांनंतर कोठे?

काश्यपसंहितेतील फक्कचिकित्सेचा अध्याय आपण सर्वांनी कौमारभृत्याच्या अभ्यासात वाचलेला आहे. एक वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालू शकत नाही ते फक्क, आणि त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार, एवढे परीक्षेपुरते पाठ करून आपण पुढे जातो. परंतु व्याधिज फक्काच्या वर्णनात आलेल्या एका शब्दाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे 'अनाथ'. ज्वरादी निज व आगंतू व्याधींनी पीडलेले अनाथ बालक क्षीण होत जाते, त्याचे मांस, बल व कांती ओसरतात, असे तेथे सांगितले आहे. बालकाकडे पाहणारे कोणी नसणे ही बाबदेखील आचार्यांनी व्याधीच्या विचारात घेतली, ही गोष्ट सामान्य नाही. त्याच अध्यायात घृतपान, शोधन व तैलाभ्यंग सांगून आचार्य थांबले नाहीत. बालकाला चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांचा फक्करथ करावा, असेही त्यांनी सांगून ठेवले. औषध, सांभाळ आणि पुनर्वसनाचे साधन या तिन्हींचा एकत्र विचार आपल्या शास्त्रात एवढा जुना आहे.

आज या तीन गोष्टींपैकी औषधाकडे आपला व्यवसाय लक्ष देतो. उरलेल्या दोन गोष्टी शासनाच्या व सेवाभावी संस्थांच्या माथी टाकून आपण मोकळे होतो. टाकून दिलेल्या दिव्यांग बालकांच्या बाबतीत ही वाटणी योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या विषयात महाराष्ट्रापुढे असलेले सर्वांत बोलके उदाहरण विदर्भातील आहे. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाड्याजवळ वझ्झर नावाचे गाव आहे. तेथील अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी गेली अनेक वर्षे टाकून दिलेल्या अंध, कर्णबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना सांभाळले. रेल्वे स्थानके, बस स्थानके, उकिरडे अशा ठिकाणी सापडलेली ही मुले पोलीस व बालकल्याण समित्यांच्या मार्फत तेथे आली. अशा १२३ जणांना शंकरबाबांनी पिता म्हणून आपले नाव दिले. मुलांच्या हातून परिसरातील माळरानावर हजारो झाडे लावून घेतली आणि ती जगवली. काहींचे विवाह लावून दिले, काहींना नोकऱ्या मिळवून दिल्या. या कार्याबद्दल २०२४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. त्याच वर्षी मे महिन्यात या घरातील एका अंध मुलीने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. तान्हेपणी ती जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकलेली सापडली होती. जिला जन्मदात्यांनी ओझे मानले, तिने स्पर्धेत उतरून शासकीय पद मिळवले, ही बातमी अनेकांच्या वाचनात आली असेल.

या यशाचे कौतुक करताना शंकरबाबांची मूळ मागणी मात्र मागे पडते. ती कौतुकाहून अधिक महत्त्वाची आहे. कायद्याच्या दृष्टीने 'बालक' अठराव्या वर्षी संपते, पण बौद्धिक अक्षमता अठराव्या वर्षी संपत नाही. म्हणून ज्यांना कोणीही नाही अशा दिव्यांगांना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर काढू नये, त्यांना आजीवन तेथेच राहू द्यावे व तसा कायदा व्हावा, हे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या युवकास अर्थसाहाय्याची तरतूद आहे. त्याखालील नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय सांगितली आहे. शरीराने व बुद्धीने सक्षम असलेल्या युवकाला या काळात पायावर उभे राहता येईल. ज्याला स्वतःची भूक, वेदना वा भीती शब्दांत सांगता येत नाही, त्याने तेविसाव्या वर्षी कोठे जावे? ज्या मुलीला आपल्यावर होणारा अन्याय ओळखताही येत नाही, तिला कोणाच्या भरवशावर फाटकाबाहेर सोडावे? वझ्झरने या प्रश्नाला उत्तर दिले ते एका माणसाच्या हट्टाने. समाजाची व्यवस्था मात्र एका माणसाच्या हट्टावर चालू शकत नाही.

येथे काही वाचक विचारतील की, हा विषय समाजकल्याण खात्याचा असता त्यास वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात स्थान कशासाठी? आमचे उत्तर असे की, या बालकांच्या जीवनातील दोन निर्णायक क्षण आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळून जातात. पहिला क्षण त्याग होण्यापूर्वीचा. दुसरा क्षण अठराव्या वर्षानंतरचा.

पहिल्या क्षणाचा विचार करू. आम्ही व्यवसाय करतो ते शिनोली गाव घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना लागते. धरणापलीकडच्या डोंगरवाड्यांतील माता जेव्हा बालकाला घेऊन खाली उतरतात, तेव्हा पुष्कळदा त्यांची पहिली पायरी जवळच्या वैद्याच्या दवाखान्याची असते. बाळ मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, पाऊल आत वळले आहे, या तक्रारी प्रथम आपल्या कानी येतात. त्या वेळी आपण काय बोलतो, यावर त्या कुटुंबाचे पुढचे वागणे बरेचसे अवलंबून असते. 'हे असेच राहणार' असे तोडून बोलणारा वैद्य आणि 'सहा महिन्यांत पूर्ण बरे करतो' असे आश्वासन देणारा वैद्य, हे दोघेही बालकाला त्यागाच्या जवळ नेतात. पहिला आशा तोडतो. दुसरा कुटुंबाचा पैसा व धीर दोन्ही संपवतो, आणि मग उरते ती केवळ निराशा.

खरे पाहता वेळेत ओळखल्यास पुष्कळ करता येते. आत वळलेले पाऊल जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत क्रमाक्रमाने प्लास्टर घालून सरळ करता येते. जन्मजात बधिरता लवकर कळली तर श्रवणयंत्राने अथवा शस्त्रक्रियेने बालकाला भाषेपर्यंत पोहोचवता येते. नवजाताची तीव्र कावीळ दुर्लक्षिल्यास मेंदूला कायमची इजा होते, म्हणून कोवळ्या उन्हाच्या भरवशावर न राहता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे. अपस्मारावर चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नयेत. मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेल्या अंगाला अभ्यंग-स्वेदनाने आराम मिळत असेल तर ते अवश्य द्यावे, परंतु भौतिकोपचाराच्या जोडीने, त्याच्या जागी नव्हे.

या कामी आपल्या पदवीला शासनानेच मानाचे स्थान दिले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांतील जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब अशा तीस स्थिती त्यात तपासल्या जातात. गावोगावच्या अंगणवाड्या व शाळा तपासणाऱ्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्रात बालकाचे अपंगत्व प्रथम ओळखण्याचे काम बऱ्याच अंशी आपल्याच पदवीधरांच्या हाती आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्या वैद्याने आपल्या भागातील पथकाचे वेळापत्रक ठाऊक करून घेणे व शंका येताच बालकाचे नाव त्यांना कळवणे, यास कोणताही खर्च नाही.

कायद्याचे ज्ञानही आवश्यक आहे. बालकाचा सांभाळ खरोखरच अशक्य झालेल्या माता-पित्यांना ते उघड्यावर टाकण्याची गरज नाही. बालन्याय अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये ते बालकल्याण समितीपुढे जाऊन बालक रीतसर सुपूर्द करू शकतात आणि फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात. ही वाट त्यांना वेळेवर कोणी सांगत नाही. ती सांगणारा आपण असावे, परंतु त्याआधी कुटुंबाला धीर देऊन, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार अनुदान, निरामय आरोग्य विमा या सोयी मिळवून देऊन बालक घरीच राहील असा प्रयत्न व्हावा. टाकलेले बालक आढळून आपल्या ताब्यात आल्यास चोवीस तासांच्या आत १०९८ या क्रमांकावर, पोलीस ठाण्यात अथवा बालकल्याण समितीस कळविणे कलम ३२ अन्वये बंधनकारक आहे. हे बंधन रुग्णालये व प्रसूतिगृहांनाही लागू आहे. न कळविणे हा अपराध आहे. कोणा अपत्यहीन दांपत्याच्या हाती ते बालक परस्पर सोपवणे सद्भावनेने केले तरी बेकायदाच ठरते.

औषधनिर्मात्यांशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. मंदबुद्धी बालक हुशार होईल, मुके बालक बोलू लागेल, अशा अर्थाची पत्रके व फलक आजही दृष्टीस पडतात. औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या परिशिष्टात अंधत्व, बधिरता, अपस्मार, पक्षाघात व मेंदूचे विकार यांचा नावानिशी समावेश आहे. अशा जाहिराती देणाऱ्यांमुळे संपूर्ण शास्त्राला बोल लागतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बालकाच्या वाढीतील परत न येणारी वर्षे या आश्वासनांच्या मागे धावण्यात निघून जातात. सुवर्णप्राशनाची शिबिरे जरूर भरवावीत, परंतु तेथे आलेल्या प्रत्येक बालकाचे ऐकणे, पाहणे व चालणेही तपासले जावे. शिबिराचे खरे पुण्य त्यात आहे.

आता दुसरा क्षण, म्हणजे अठरावे वर्ष. येथे औषधनिर्माते जे करू शकतात ते दुसरा कोणताही व्यवसाय सहज करू शकणार नाही. शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे, अनाथांना महाराष्ट्राने २०१८ मध्ये एक टक्का आरक्षण दिले. परीक्षा देऊ शकणाऱ्यांना त्याचा लाभ होईल. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणास मात्र नेमके, ठरावीक, रोज तेच असणारे आणि शेजारी मायेने पाहणारे माणूस असणारे काम हवे असते. आपल्या औषधनिर्माणशाळांत असे काम विपुल आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे दर वर्षी बाळहिरडा गोळा करतात. हा हिरडा वाळवणे, निवडणे, लहानमोठा वेगळा करणे, तसेच काष्ठौषधींतील काडीकचरा काढणे, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे, खोकी भरणे, ही कामे योग्य शिक्षणानंतर पुष्कळ दिव्यांग तरुण उत्तम करू शकतात. एकच कृती न कंटाळता काटेकोरपणे करणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा गुण असतो.

यात काही मर्यादा पाळाव्याच लागतील. अठरा वर्षांखालील कोणासही कामाला लावू नये. चूर्ण दळण्याची यंत्रे, भट्टी आणि विषद्रव्ये यांपासून त्यांना दूर ठेवावे. कामाचा मोबदला किमान वेतनाच्या नियमाने व त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जावा, दया म्हणून मूठभर पैसे हातावर ठेवू नयेत. मुलींच्या बाबतीत जाण्यायेण्याची व कामाच्या जागेची सुरक्षितता आधी पाहावी. संस्थेचा एक प्रशिक्षित कार्यकर्ता प्रारंभीचे काही महिने सोबत असावा.

काही व्यावसायिक म्हणतील की, छोट्या कारखान्याला हा भार पेलणार नाही. त्यांची अडचण आम्ही नाकारत नाही. वाढती मजुरी, कच्च्या मालाचे भाव आणि परवान्यांचे नियम यांत लहान निर्माता पिचून गेला आहे. म्हणूनच एकट्या निर्मात्याने हे करावे असे आम्ही म्हणत नाही. एका तालुक्यातील चार-पाच निर्मात्यांनी मिळून निवड व पॅकिंगचे काम एखाद्या संस्थेच्या कार्यशाळेकडे सोपवले, तर जागा, देखरेख व वाहतूक यांचा खर्च विभागला जाईल. काम तर त्यांना कोणाकडून तरी करून घ्यायचेच आहे.

तेव्हा आमच्या संघटनेपुढे तीन सूचना आहेत. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या परिसरातील एक बालगृह वा दिव्यांग निवासी शाळा निवडून तेथे दरमहा एक दिवस विनामूल्य तपासणी करावी व प्रत्येक मुलाची लेखी नोंद ठेवावी, कारण या मुलांचा पूर्ववृत्तान्त सांगणारे कोणी नसते. औषधनिर्मात्या सभासदांनी आपल्याकडील कोणती कामे अठरा वर्षांवरील दिव्यांगांना देता येतील याची यादी करून ती जिल्हा शाखेकडे द्यावी. आणि निराधार दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही हक्काचे घर मिळावे, या मागणीस संघटनेने ठरावाद्वारे जाहीर पाठिंबा देऊन तो राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे पाठवावा.

डिसेंबर २०२२ मध्ये हा स्वतंत्र विभाग स्थापन करणाऱ्या राज्यात ही मागणी अवास्तव नाही. आपण वैद्य आहोत, रुग्णाचे वय पाहून त्याची वेदना मोजत नाही. कायद्याने अठरा वर्षांवर रेघ ओढली असली तरी आपल्या कर्तव्याला ती रेघ लागू नाही.