आकडा उतरला तरी

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या मावशीला कोरोना झाला आणि घरच्या घरीच ती बरी झाली. त्यानंतर मात्र दर दोन महिन्यांनी ती लॅबमध्ये जाऊन अँटिबॉडीची तपासणी करू लागली. दर रिपोर्टात आकडा खाली यायचा. “अगं, संपत आल्या माझ्या अँटिबॉडी,” असं ती फोनवर सांगायची, डब्यातलं पीठ तळाला लागल्यासारखं. तिची झोप उडाली होती. तेव्हा मला तिला नीट समजावता आलं नाही, ते आज लिहिते आहे.

आकडा उतरणं हा बिघाड नव्हे. आजार अंगात असताना शरीर घाईघाईने प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करणाऱ्या असंख्य पेशी उभ्या करतं. काम झालं की त्यातल्या बहुतेक मरतात. थोड्या मात्र हाडांच्या मज्जेत मुक्कामाला जातात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी प्रतिपिंडं सोडत राहतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अली एलेबेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य कोरोना होऊन गेलेल्यांची मज्जा तपासली. सात-आठ महिन्यांनंतरही त्यातल्या बहुतेकांमध्ये या पेशी सापडल्या. रोगप्रतिकाराचं काम करणाऱ्या टी पेशींची आठवण तर याहून लांबची. २००३ च्या सार्समधून वाचलेल्या काही जणांच्या रक्तात सिंगापूरच्या संशोधकांना १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी मिळाल्या. मावशीच्या रिपोर्टात यातलं काहीच दिसत नव्हतं.

मग पुन्हा पुन्हा कोरोना होतो तो का? माझी आजी म्हणायची, गोवर एकदा येऊन गेला की परत येत नाही. अगदी खरं होतं ते. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. आधीची साथ १७८१ मधली. त्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही ६५ वर्षांनी तो पुन्हा झाला नाही.

गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही, आणि शरीरभर पसरून पुरळ उठवायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात आधीचा आजार लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागतात. कोरोना नाका-घशातच दोन-तीन दिवसांत आपलं काम उरकतो, शिवाय रूपही बदलतो. ओमायक्रॉनने ते दाखवलंच. त्यामुळे स्मृतिपेशी सर्दी-ताप अडवायला उशिरा पोचतात, पण विषाणू फुप्फुसात खोल उतरून धुमाकूळ घालण्याआधी बहुतेकदा पोचतात. साध्या सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंचंही असंच आहे. ॲम्स्टरडॅममध्ये दहा निरोगी पुरुषांच्या अनेक वर्षांच्या रक्तनमुन्यांवरून दिसलं, की तोच विषाणू बारा महिन्यांनी पुन्हा गाठू शकतो. मावशीला दुसऱ्यांदा कोरोना झाला तो तीन दिवसांचा ताप होता.

मुलांबद्दल मला जास्त पोटतिडकीने बोलायचं आहे. ब्रिटनमध्ये तीन ते अकरा वर्षांच्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास झाला. त्यांची प्रतिकारशक्ती मोठ्यांच्या तोडीस तोड निघाली, काही बाबतींत वरचढ, आणि वर्षभर टिकलेली. आपल्याकडे २०२१ च्या एप्रिल ते जूनदरम्यान मुंबईतल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचे नमुने तपासले, तेव्हा ५१ टक्क्यांहून अधिक मुलांत प्रतिपिंडं होती. तिसरी लाट मुलांवर येणार म्हणून सगळे धास्तावले होते, तेव्हा अर्ध्याहून जास्त मुलांची त्या विषाणूशी गाठ पडूनही गेली होती. काही मुलांना नंतर एमआयएस-सी, म्हणजे कोरोनानंतर अनेक अवयवांना सूज आणणारा आजार, झाला; त्यांच्या आईबापांचं दुःख मी कमी लेखत नाही. तरीही मुंबईतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गाबाहेर ठेवणं चुकलं, असं माझं ठाम मत आहे. अक्षरओळखीची ती वर्षं त्यांना परत मिळालेली नाहीत.

मावशी आता पंचाहत्तरीची आहे, तिला मधुमेह आहे. वयाबरोबर आणि अशा दुखण्यांमुळे स्मृतिपेशींचं बळ कमी होतं, म्हणून काळजी घ्यायची ती अशा माणसांची. आकडे तपासण्यावर पैसे घालवू नका. घरात कुणाला खोकला-ताप असेल तर आजी-आजोबांजवळ जाताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि त्यांना धाप लागली, तर “एकदा होऊन गेलाय ना” म्हणत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.