‘ब्रेक फेल झाला’ म्हणे!

आपल्या बोलण्यात काही वाक्ये अशी आहेत की ती उच्चारताच सगळी चौकशी संपते. ‘देवाची इच्छा’ हे त्यांतले एक. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे दुसरे. आणि ‘ब्रेक फेल झाला’ हे तिसरे. मोटार पुलाच्या कठड्यावर आदळो, घाटातून खाली जावो, नाहीतर सिग्नलपाशी उभ्या असलेल्या रिक्षात घुसो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हे तीन शब्द छापून येतात. आपण ‘अरेरे’ म्हणतो, चहाचा घोट घेतो आणि पान उलटतो. पाऊस पडला, वीज कोसळली, तसाच ब्रेक फेल झाला! क्रिया घडली, पण करणारा कोणी नाही. माझे भांडण या बेवारशी वाक्याशी आहे. ऐन दिवाळीत ते उकरून काढतो म्हणून वाचकांनी रागावू नये. याच आठवड्यात आपल्यापैकी कितीतरी मंडळी मुलाबाळांना मागच्या सीटवर बसवून, मांडीवर फराळाचे डबे सांभाळत, भाऊबीजेसाठी घाट ओलांडणार आहेत. या भांडणाला याहून योग्य मुहूर्त कोणता?

पहिली गोष्ट ही की, ब्रेक एकाएकी आणि अवचित फेल होणे फार विरळा. आपण पेडल दाबतो, त्याने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, तेलावर दाब येतो आणि तो दाब नळ्यांतून चारही चाकांपाशी पोहोचतो. आजच्या मोटारीत या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग केलेले असतात. एक फुटला तरी दुसऱ्याने थोडेफार काम भागावे, एवढी काळजी तो आराखडा आखणाऱ्याने घेतलेली आहे. शिवाय हे यंत्र आपल्या दुखण्याची वर्दी आधी देते. पेडल स्पंजासारखे लागू लागते. मोटार एका बाजूला ओढते. चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. समोर लाल दिवा पेटतो. ब्रेकचे तेल तर हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकाच सांगतात. जुने, पाणी शिरलेले तेल लांबलचक उतारावर तापून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय थेट तळाला जातो. यात दैव कुठे आले? ब्रेक महिनोन्‌महिने सांगत असतो, ऐकणारा मात्र कोणी नसतो. ब्रेक फेल होण्याच्या आधी माणसे फेल झालेली असतात.

ही माणसे कोण, ते मी माझ्याच अनुभवावरून सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मोटार तेव्हा चार वर्षांची होती. सिग्नलला उभे असताना पेडलवर हलका पाय ठेवला की ते हळूहळू, चोरपावलांनी खाली जाई. पाय उचलून पुन्हा दाबले की घट्ट लागे. ज्या काचेच्या भव्य दालनातून मोटार घेतली त्याच्याच कारखान्यात मी ती नेली. टाय बांधलेल्या एका सुस्वभावी तरुणाने माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि जॉब कार्डावर तीन शब्द लिहिले : ‘ब्रेक – जनरल चेकअप’. माझी पाच मिनिटांची तक्रार या तीन शब्दांत गडप झाली. संध्याकाळी पुढच्या चाकांचे पॅड बदलल्याचे बिल हाती आले. पेडल पूर्वीसारखेच खाली जात राहिले. दुसऱ्या खेपेला तेल बदलले, पुन्हा बिल. पेडल जागच्या जागी!

तिसऱ्या खेपेला फोरमन स्वतः माझ्याबरोबर बसले. मोकळ्या रस्त्यावर मोटार पळवून त्यांनी पेडलवर सगळा भार टाकला. मोटार जागीच उभी राहिली. ‘‘बघा काका, ब्रेक एकदम ओके. तुमची पाय ठेवायची सवय जरा वेगळी आहे.’’ मी म्हणालो, ‘‘ठीक आहे. मग एवढेच कागदावर लिहून द्या. मोटार तपासली, ब्रेकमध्ये दोष नाही, आणि खाली तुमची सही.’’ ते आत गेले. पाव तासाने बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘काका, तशी पद्धत नाही आमच्याकडे.’’

वाचकहो, माझ्या संतापाचे मूळ या एका वाक्यात आहे. बिलावर सही घ्यायची पद्धत आहे. ‘आपल्या सेवेने मी समाधानी आहे’ या ओळीखाली माझी सही घ्यायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘दहापैकी दहा गुण द्या हं काका, नाहीतर आमचा पगार कापतात’ असे सांगायचीही पद्धत आहे. पण ज्या यंत्राच्या भरवशावर माझ्या नातवंडांचे प्राण आहेत, ते मी तपासले असे लिहून सही करायची तेवढी पद्धत नाही! शिंपीसुद्धा कापडाच्या मापाखाली आपली खूण करतो.

दोष शेवटी सापडला तो एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या मिस्त्रींनी मोटार पळवलीच नाही. इंजिन चालू ठेवून पेडलवर अलगद, एकसारखा पाय ठेवला आणि ते मनाशी आकडे मोजू लागले. मिनिटभरात पेडल तळाला टेकले. मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील झिजले होते. जोरात दाबले की ते फुगून घट्ट बसे. हलका दाब असला की तेल त्याच्या कडेने मागे सरके. तेल सिलिंडरच्या आतल्या आतच फिरत असल्याने बाहेर एक थेंब गळत नव्हता आणि डबीतली पातळीही उतरत नव्हती. म्हणजे कचकन दाबून पाहणाऱ्याला हा दोष दिसणेच शक्य नव्हते. तो दिसायला ग्राहकाचे म्हणणे ऐकावे लागते, आणि मी तीनही वेळा नेमके तेच सांगत होतो. सुटा भाग मी अधिकृत विक्रेत्याकडून आणून दिला. मिस्त्रींनी तो बसवला, जुना माझ्या हातात ठेवला, सीलची झिजलेली कड बोटाने दाखवली आणि काय बदलले ते वहीच्या पानावर लिहून खाली सही केली. त्यांच्याकडे ‘पद्धत’ होती!

कोणी म्हणेल, ‘एका दुकानात वाईट अनुभव आला म्हणून एवढा आकांत कशाला?’ त्यांना मी सांगतो की प्रश्न दुकानाचा नाही, न लिहिलेल्या तक्रारीचा आहे. मोटारीच्या बनावटीतच खोट असेल तर ती एका मालकाला कधीच कळत नाही. पुण्यातल्याला वाटते माझेच नशीब फुटके, नागपुरातल्याला वाटते माझ्याच मिस्त्रीचा हात वाईट, आणि कोल्हापुरातला ‘सवय वेगळी’ ऐकून घरी जातो. या तिघांच्या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक आल्या तरच खोट कारखान्यातली आहे हे उघड होते. जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ लिहिणारा तरुण स्वतःला न कळत त्या कागदावरची एक ओळ पुसत असतो.

आणि आपल्या देशात आज कायदाच या ओळींवर उभा आहे. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटारींच्या असुरक्षित बनावटीवर पुस्तक लिहिले आणि १९६६ साली तिथे मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली सदोष वाहने परत बोलावण्याची संहिता केली, ती स्वेच्छेची. ज्याची खोट त्याच्याच इच्छेवर तिचा उच्चार! पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या वाहनांत सुरक्षिततेला बाधक असा दोष असल्याच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या, तर उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकते. ठरावीक प्रमाणात! म्हणजे तक्रारींची मोजदाद झाली पाहिजे. सेवा-केंद्राच्या काउंटरवर चहाबरोबर विरघळलेली तक्रार कोणत्या मोजणीत येणार? केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर वाहनाच्या दोषाची नोंद करण्याची सोय आहे. हे तुमच्या सेवा-केंद्रात कोणी तुम्हाला कधी सांगितले आहे काय? दहा गुण कुठे द्यायचे ते मात्र न विचारता सांगतात.

सरकारच्या व्यवहाराचीही मौज पाहा. खाजगी मोटारीच्या धुराची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसले तर दंड. ते रास्तच आहे, धूर घातक आहे. पण त्याच मोटारीचे ब्रेक लागतात की नाही हे सरकार किती वर्षांनी विचारते? नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपल्यावर! टॅक्सी-ट्रकची तंदुरुस्ती पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासायची असा नियम आहे. खाजगी मोटारीचा ब्रेक मात्र पंधरा वर्षे ब्रह्मचाऱ्याच्या वचनासारखा विश्वासावर सोडलेला. इंग्लंडात १९६० सालापासून मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि आज तिथे मोटार तीन वर्षांची झाली की ब्रेकसकट तिची तपासणी दरवर्षी करावी लागते. आपले घाट काय त्यांच्या टेकड्यांहून सौम्य आहेत?

आता आपल्यातल्या मोटारमालकांना दोन शब्द. कंपनीवर आणि सरकारवर आसूड ओढताना टाळ्या मिळतात, आरशापुढे तो ओढला की शांतता पसरते. दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ घालणारे, चाकाखाली लिंबू ठेवणारे, बॉनेटवर स्वस्तिक काढणारे गृहस्थ मी पाहतो. श्रद्धेची मी थट्टा करीत नाही. पण तेच गृहस्थ सीट-कव्हरला, गाण्यांच्या यंत्राला, पाठीमागच्या रंगीत दिव्यांना हसत हसत पैसे मोजतात आणि ब्रेक पॅडचे नाव निघताच मिस्त्रीला म्हणतात, ‘‘अजून दोन महिने चालतील ना? आणि कंपनीचाच कशाला, दुसरा स्वस्तातला नाही का?’’ बाजारात बनावट मालाची खोकी येतात ती अशाच प्रश्नांना उत्तर म्हणून. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर पोर आले हे डोळ्यांना दिसून पाय पेडलवर पडेपर्यंतच एवढे अंतर संपते, ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर ब्रेकला मोटार थांबवायला चौपट अंतर लागते. या हिशेबात घासाघीस चालत नाही.

‘चालकच बेफिकीर असतात, उतारावर गिअर काढून गाडी सोडतात, मग ब्रेक तापणारच,’ असा एक युक्तिवाद कंपन्यांकडून नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा अटकाव घेतलाच पाहिजे. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारा तर ब्रेकला मिळणारे साहाय्यही तोडून टाकतो आणि पेडल दगडासारखे होते. अशा चालकाची मी वकिली करणार नाही. पण चालकाची चूक असू शकते म्हणून यंत्राचा दोष तपासायचाच नाही, हा कुठला न्याय? रोगी पथ्य पाळत नाही असे म्हणून वैद्याने नाडी पाहायचे सोडायचे काय?

तेव्हा माझे मागणे थोडक्यात असे. ब्रेकची तक्रार मालकाच्या शब्दांत, त्याने सांगितली तशी, जॉब कार्डावर लिहिली जावी, आणि ती तशी लिहिल्याशिवाय मालकाने किल्ली देऊ नये. काय तपासले, कसे तपासले आणि काय आढळले, हे तपासणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावे. बदललेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. दुरुस्ती होऊनही दोष राहिला तर मालकाने सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी आणि ग्राहक आयोगाचे दारही ठोठवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाबरोबर सेवा देणाऱ्यालाही जबाबदार धरण्याची तरतूद आहे. आणि खाजगी मोटारींच्या ब्रेकची ठरावीक मुदतीने तपासणी सरकारने सक्तीची करावी. धुरासाठी जमते ते ब्रेकसाठी न जमायला काय झाले?

हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी ग्राहक पंचायतीची आठवण करून देतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ती सुरू केली, तेव्हा दुकानदाराला जाब विचारणे हे भांडकुदळपणाचे लक्षण समजले जाई. बारा वर्षांनी, १९८६ साली, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. सामान्य गृहस्थ कागद मागू लागला की कायदे हलतात, हे याच महाराष्ट्राने पाहिले आहे.

येत्या आठवड्यात मोटार बाहेर काढाल तेव्हा आधी इंजिन चालू करून मिनिटभर पेडलवर अलगद पाय ठेवून पाहा. ते खाली जाऊ लागले, तर घाटात जाऊ नका, कारखान्यात जा. आणि तिथे कोणी ‘सवय होईल’ म्हणाले, तर खिशातले पेन काढून त्याच्यापुढे धरा आणि म्हणा, ‘‘लिहून द्या.’’