आधी पाठ मोजा, मग सॅक घ्या

मुलांचा पहिला ट्रेक ठरला की माळ्यावरची मोठी सॅक खाली येते, नाहीतर ‘दोन वर्षं तरी पुरेल’ म्हणून मोठ्या मापाची नवी घेतली जाते. स्वेटरचं ठीक आहे हो, सॅकचं तसं चालत नाही.

सॅक पाठीच्या लांबीवर ठरते. मुलीला मान खाली घालायला सांगा. मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावा. पाठीचं माप कमी-जास्त करता येणारी सॅक मिळाली तर वाढत्या वयात तीच घ्या.

दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते! आत चार किलो वजन भरून घ्या. आधी कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट, मग खांद्यांचे, शेवटी छातीचा. भार मुख्यतः कमरेवर यायला हवा. वाटेत “खांदे दुखतात” म्हणाली तर नाटक समजू नका, कमरेचा पट्टा तपासा.

एकूण ओझं मुलीच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के. म्हणजे ४० किलोच्या मुलीला ४ ते ६ किलो, सॅक धरून. त्यात दोन लिटर पाण्याचेच दोन किलो. तंबू तुमच्या पाठीवर.